भट्टी कुणाच्या दारात

सांगलीच्या खानापूर तालुक्यात सोनं सापडत नाही. जोंधळासुद्धा पावसाच्या मर्जीनं पिकतो. तरी केरळातल्या त्रिशूरपासून पंजाबातल्या जालंधरपर्यंत कुठल्याही सराफ बाजाराच्या मागच्या बोळात शिरा; तिसऱ्या-चौथ्या दाराआड ब्लोअरचा घुमघुम आवाज येतो आणि आत बसलेला माणूस विट्याचा, लेंगऱ्याचा, भाळवणीचा, नाहीतर आटपाडीकडचा निघतो. गलाईवाला. जुने दागिने, तुटक्या साखळ्या, सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची माती, असलं सगळं वितळवून त्यातून शुद्ध सोनं-चांदी वेगळी करून देणारा. गावच्या जत्रेला हे लोक परत येतात तेव्हा गल्लीत केरळ, तमिळनाडू, पंजाब, बंगालच्या नंबरांच्या गाड्या लागतात आणि पारावर चार माणसं बसली तरी त्यांच्यात सहा भाषा असतात. शेती धड पिकत असती तर यातलं काहीच झालं नसतं. दुष्काळानं माणसं बाहेर घालवली; बहात्तरनंतर तर जास्तच.

माझे चुलते, तात्या, उभं आयुष्य त्रिशूरला भट्टीसमोर बसले. आता गावीच असतात आणि पेपर पहिल्या ओळीपासून निविदांपर्यंत वाचतात. बॅटरीतल्या धातूंबद्दल मी गेल्या काही वर्षांत जे वाचत आलो, ते तात्यांना सांगितल्याशिवाय मला पुरतं कळत नाही, असा अनुभव आहे. त्यांना रसायनशास्त्राचं एक सूत्र येत नाही. पण मिसळलेला धातू वेगळा करणं म्हणजे काय, त्यात कोण कमावतो, कोण खोकतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

गलाईचं काम लांबून साधं दिसतं. ग्रॅफाइटच्या मुशीत माल घालायचा, टाकणखार टाकायचा, वितळलं की ओतायचं. खरं काम त्यानंतरचं. दागिन्यातल्या सोन्यात तांबं असतं, चांदी असते, सांध्यांना घातलेली भर असते. सोनं जास्त असेल तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही, म्हणून आधी त्यात तिप्पट चांदी मिसळायची. म्हणजे शुद्ध करण्यासाठी आधी अशुद्ध करायचं. मग तो रस पाण्यात ओतून रवा करायचा आणि शोऱ्याच्या तेजाबात उकळायचा. चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तळाशी विटकरी गाळ होऊन बसतं. धुऊन वितळवलं की पिवळं होतं. तेजाबात गेलेली चांदी परत आणायला त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडतात. तांबं विरघळत जातं, चांदी पट्टीवर धरते. शेवटी उरतं ते निळं पाणी आणि उकळताना निघालेला तपकिरी धूर. निळं पाणी त्या काळी बोळातल्या गटारात जायचं. धुराचा बराचसा भाग तात्यांच्या छातीत गेला.

या धंद्याची खरी पुंजी मात्र भट्टी नव्हे, टंच. माल कुणाचाही असो, त्यात सोनं किती हे भट्टीवाला सांगणार. माल आणणाऱ्याला पटलं नाही तर तो उचलून शेजारच्या बोळात जाईल, पण तिथेही आकडा सांगणारा दुसरा भट्टीवालाच. एका आण्याचा फरक कुणी धरला तर पिढीचं नाव जातं, म्हणून आमचे लोक याबाबतीत कडक. पण सगळेच कडक असतील असं कोण सांगणार?

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम सापडल्याची बातमी आली. व्हॉट्सॲपवर भारताचा सौदी अरेबिया झाला. मी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. तात्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं,

“टंच काय?”

“कशाचा?”

“आरं, त्या मातीचा. शंभर किलोत काढायचं किती? आणि काढणार कोण?”

बातमीत यातलं काहीच नव्हतं. ५९ लाख टन हा प्राथमिक अंदाज होता, आणि तोही धातूचा नव्हे, खनिजाचा. पुढे तो पट्टा लिलावाला काढला तेव्हा पुरेशा बोलीच आल्या नाहीत आणि लिलाव रद्द करावा लागला. ज्यांना काढायचं माहीत होतं त्यांनी बहुधा तात्यांचाच प्रश्न विचारला असावा.

लिथियम तसं दुर्मीळ नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रीनबुशेसला त्याची जगातली मोठी खाण आहे. तिथल्या स्पॉड्युमिन नावाच्या खनिजात ते असतं. खाणीतल्या दगडात लिथियम ऑक्साइडचं प्रमाण जेमतेम दोन टक्के. दळून, निवडून ते सहा टक्क्यांपर्यंत आणतात आणि जहाजात भरतात. राहिलेले चौऱ्याण्णव टक्के नुसतं ओझं, पण तेही समुद्र ओलांडून चीनला जातं. तिथे ते हजार अंशांच्या वर भाजतात, गंधकाम्लात परत भाजतात, पाण्यात उतरवतात आणि शेवटी पांढरी पूड मिळते, लिथियम कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइड. बॅटरीवाल्याला लागते ती ही पूड. दगड त्याच्या काही कामाचा नाही.

दुसरी वाट चिलीतल्या अटाकामाच्या वाळवंटातली. तिथे जमिनीखालचं खारं पाणी उपसून मैलोन्‌मैल पसरलेल्या तळ्यांत सोडतात आणि वर्ष-दीड वर्ष उन्हात आटवत ठेवतात. पाऊस पडत नाही हीच तिथली संपत्ती. (हे वाक्य आटपाडीत कुणाला सांगू नये.) आटलेलं पाणी मग टँकरनं किनाऱ्याकडच्या कारखान्यात जातं. आपल्याही सरकारी कंपन्यांनी मिळून काढलेल्या ‘काबिल’नं जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात अशा खाऱ्या पाण्याचे पाच पट्टे घेतले आहेत. घेतले म्हणजे शोध घेण्याचा आणि पुढे खणण्याचा हक्क घेतला. पूड अजून लांब आहे.

ऑस्ट्रेलियाला हे कळलं नव्हतं असं नाही. दगड विकण्यापेक्षा पूड विकावी म्हणून त्यांनीही पर्थच्या खाली क्विनाना आणि केमरटन इथे शुद्धीकरणाचे कारखाने उभे केले. पैसा होता, दगड दारात होता, वीज होती. तरी ते रडतखडतच चालले. २०२४ मध्ये केमरटनचा एक भाग बंद ठेवावा लागला आणि पुढचा वाढीव भाग बांधतानाच थांबवला. क्विनानाचा विस्तारही २०२५ च्या सुरुवातीला सोडून दिला. एक कारण भाव. लिथियम कार्बोनेट नोव्हेंबर २०२२ मध्ये चिनी बाजारात टनाला ६ लाख युआनच्या घरात होतं, ते पुढच्या दोन वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त घसरलं. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भट्टी विकत मिळते. त्या भट्टीसमोर वीस वर्षं बसलेला माणूस मिळत नाही. तात्या सांगतात, त्रिशूरच्या एका मोठ्या सराफानं स्वतःची गलाई घातली, यंत्रं परदेशातून आणली आणि सहा महिन्यांत माणूस शोधत आमच्याच बोळात आला.

चीनकडे आज जगातल्या लिथियमचं सुमारे ७० टक्के शुद्धीकरण आहे, कोबाल्टचं तीन चतुर्थांशाहून जास्त, आणि बॅटरीच्या एका टोकाला लागणाऱ्या ग्रॅफाइटचं तर ९० टक्क्यांच्या वर. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली जपानच्या सोनीनं, १९९१ मध्ये. तिच्या शोधाचं २०१९ चं नोबेल मिळालं ते एका अमेरिकी, एका ब्रिटिश-अमेरिकी आणि एका जपानी शास्त्रज्ञाला. या सगळ्यात चीन कुठे दिसत नाही. तो दिसतो तेजाबाच्या पिंपांपाशी. धूर, गाळ, कोळशाची वीज, पडेल भावात वर्षानुवर्षं तोटा सोसणं, हे बाकीच्यांना नको होतं तेव्हा त्यांनी ते अंगावर घेतलं. २०१६ मध्ये काँगोतली तेंके फुंगुरुमे ही तांबं-कोबाल्टची प्रचंड खाण एका अमेरिकी कंपनीनं कर्ज फेडायला २६५ कोटी डॉलरला चिनी कंपनीला विकली. तेव्हा अमेरिकेत कुणी मोठा गलका केल्याचं आठवत नाही. आता जो तो काँगोच्या नकाशावर बोट ठेवून बसला आहे.

काँगोविषयी जरा थांबून सांगितलं पाहिजे.

जगातला ७० टक्क्यांहून जास्त कोबाल्ट या एका देशातून निघतो, आणि तिथेही मुख्यतः दक्षिणेकडच्या कोल्वेझीच्या पट्ट्यात. बहुतेक माल मोठ्या यांत्रिक खाणींतून येतो. पण थोडा माल हातानं खणलेला असतो. गडी पहार-फावडं घेऊन, दोरावर उतरून, पंचवीस-तीस मीटर खोल विहिरीएवढ्या भोकात खणतात. त्यांना तिकडे ‘क्रझर’ म्हणतात. त्या भोकांत आधार नसतो, पावसाळ्यात ती ढासळतात. लहान पोरं दगड निवडतात, धुतात. यावर जगभर लिहून आलं, २०१६ मध्ये ॲम्नेस्टीनं सविस्तर अहवाल काढला, त्यानंतर कंपन्यांनी जबाबदार खरेदीच्या शपथा घेतल्या. ते सगळं तुम्ही वाचलं असेल. मला अडकवून ठेवलं ते त्याच वर्णनातल्या एका छोट्या तपशिलानं.

कोल्वेझीजवळ मुसोंपो नावाचा बाजार आहे. खणणारे पोती सायकलवर, मोटारसायकलवर लादून तिथल्या खरेदीदारांच्या गाळ्यांवर आणतात. खरेदीदारांत बरेचसे चिनी. तिथे पोतं वजनाला लागतं आणि मग खरेदीदार पिस्तुलासारखं एक यंत्र दगडाला टेकवतो. क्ष-किरणांनी आतला धातू मोजणारं यंत्र. पडद्यावर आकडा येतो, कोबाल्ट इतके टक्के. त्या आकड्यावर भाव. खणणाऱ्यांची जुनी तक्रार अशी की यंत्र कमी दाखवतं, काटाही मारतो. पण त्यांच्याकडे स्वतःचं यंत्र नाही, आणि पोतं परत सायकलवर लादून दुसऱ्या गाळ्यावर नेलं तरी तिथेही तेच यंत्र.

हे वाचून दाखवलं तेव्हा तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “टंचाचं मशीन म्हंतोस ते. विट्यात बी हाय की.”

खरंच आहे. जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला, त्याच्या आधीपासून सराफ बाजारांत ही यंत्रं आली आहेत. कसोटीचा दगड गेला, काचेची पेटी आली. दागिना आत ठेवला की मिनिटभरात कागद बाहेर. गिऱ्हाइकाचा त्या कागदावर विश्वास बसतो. तात्यांचा मात्र यंत्रावर विश्वास नाही आणि त्यांचं म्हणणं तंत्राच्या दृष्टीनं बरोबर आहे: ते यंत्र वरचा थर बघतं. वरून सोनं, आत दुसरंच काही असलं तर त्याला कळत नाही. कापून, वितळवून, मगच बोलावं. पण कापून-वितळवून बघण्याची सोय कोल्वेझीच्या खणणाऱ्याला नाही. विट्यात मोड घेऊन आलेल्या बाईलाही ती बहुतेकदा नसते.

तिथून पुढचा प्रवास मोठा आहे. दगडापासून काँगोतच हिरवट-राखाडी चिखल, कोबाल्ट हायड्रॉक्साइड, करतात; त्यात कोबाल्ट सुमारे तीस टक्के. तो पोत्यांत भरून ट्रकवर चढतो, झांबियाच्या सीमेवर दिवसचे दिवस रांगेत उभा राहतो, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या बंदरात जातो, नाहीतर टांझानियातल्या दार-ए-सलामला, आणि तिथून चीन. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाव फारच पडले म्हणून काँगोच्या सरकारनं कोबाल्टची निर्यात सरळ बंद केली. आधी चार महिने म्हणाले, मग वाढवलं, आणि ऑक्टोबरपासून कोटा ठरवून दिला: २०२६ साठी ९६,६०० टन. ज्याच्याकडे खाण आहे त्याच्या हातात एवढंच एक हत्यार असतं. दार लावून घेणं. भाव वर गेले खरे, पण दार लावल्यावर आतल्या माणसालाही उपास पडतो, हे कोल्वेझीच्या सायकलवाल्याला विचारावं.

दार लावून पुढचंही काही केलं ते इंडोनेशियानं. जानेवारी २०२० पासून त्यांनी कच्चं निकेल खनिज देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. निकेल हवं ना, मग भट्टी इथे घाला. युरोपनं जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, निकाल इंडोनेशियाच्या विरुद्ध गेला, त्यांनी अपील केलं आणि काम चालू ठेवलं. चिनी कंपन्या पैसा, यंत्रं आणि माणसं घेऊन सुलावेसी बेटावर मोरोवालीला आल्या. आज जगातलं निम्म्याहून जास्त निकेल इंडोनेशियाच्या खाणींतून निघतं.

तिथलं निकेल सापडतं तांबड्या मातीत. आपल्याकडे शिराळ्याच्या पश्चिमेला, पाटणच्या वर, सड्यांवर जांभा दिसतो ना, तीच जात. ऊन आणि पाऊस लाखो वर्षं खडकाला धूत राहतात, विरघळणारं वाहून जातं, न विरघळणारं साठतं. आपला मूळ खडक काळा बेसाल्ट, म्हणून आपल्या जांभ्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम. तिकडचा मूळ खडक वेगळा, म्हणून निकेल. ती माती गंधकाम्लात घालून, अडीचशे अंशांवर, प्रचंड दाबाखाली शिजवतात. निकेल आणि कोबाल्ट उतरतं, बाकी सगळा गाळ. एक टन निकेलमागे शंभराहून जास्त टन. डोंगराळ, पावसाच्या, भूकंपाच्या मुलखात तो ठेवायचा कुठे? भट्ट्यांना वीज कोळशाची. डिसेंबर २०२३ मध्ये मोरोवालीच्या एका भट्टीत स्फोट झाला, वीसहून जास्त कामगार गेले. भट्टी दारात आली म्हणजे काय काय दारात येतं, त्याची ही यादी. इंडोनेशियाचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण आकडे दाखवताना गाळाचा आकडाही दाखवावा.

निकेलचा दुसरा किस्सा तात्यांच्या आवडीचा. आमच्याकडे कुणी पाहुणा आला की ते तो मला सांगायला लावतात.

लंडनमध्ये धातूंचा जुना बाजार आहे, लंडन मेटल एक्स्चेंज. जगातल्या निकेलचा भाव तिथे ठरतो. ८ मार्च २०२२ ला तिथे काही तासांत निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं. चार दिवस आधी ते तीस हजारांच्या आत होतं. युक्रेनचं युद्ध पेटलेलं, आणि त्सिंगशान या चिनी कंपनीच्या निकेलसम्राट मालकानं भाव पडणार या हिशेबानं आधीच मोठी विक्री करून ठेवलेली. भाव चढला तसा तो अडकला. बाजारानं काय करावं? त्या दिवशीचे सौदेच रद्द केले. ज्यांनी कमावलं होतं त्यांना सांगितलं, झालंच नाही असं समजा. आटपाडीच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात एखाद्या दलालानं असं केलं असतं तर त्याला पुढच्या शनिवारी उभं केलं नसतं.

पण तात्यांचा आवडता भाग पुढचा. वर्षभरानं, मार्च २०२३ मध्ये, त्याच बाजाराच्या रॉटरडॅममधल्या एका मान्यताप्राप्त गोदामात निकेलची म्हणून ठेवलेली पोती उघडली, तर आत दगड. ५४ टन. कागद बरोबर, शिक्के बरोबर, पोत्यावर नंबर बरोबर. त्याच्या महिनाभर आधीच ट्रॅफिगुरा या बड्या व्यापारी कंपनीनं जाहीर केलं होतं की निकेल म्हणून पैसे मोजलेल्या कंटेनरांत निकेलच नव्हतं. त्यांनी ५७ कोटी ७० लाख डॉलरचा फटका ताळेबंदात दाखवला.

“आणि पोतं फोडून बघितलं न्हाई कुणी?” तात्या दर वेळी नव्यानं विचारतात.

“कागद बघितले.”

“कागुद!” एवढं बोलून ते खोकेपर्यंत हसतात. कोल्वेझीच्या पोरानं सायकलवरून आणलेल्या पोत्यातल्या एकेक दगडाला यंत्र लावलं जातं आणि लंडनच्या सौद्यातलं पोतं कुणी उघडत नाही, यातलं त्यांना नेमकं काय हसू येतं ते मी विचारलेलं नाही. विचारायची गरजही नाही.

माझा पुतण्या सांगलीत इंजिनिअरिंग करून गुजरातमध्ये वापरलेल्या बॅटऱ्यांच्या कारखान्यात लागला, तेव्हा घरात कुणाला ती नोकरी वाटलीच नाही. भंगार, म्हणजे शेवटी गलाईच, असं सगळ्यांचं मत. वहिनींना तेवढं ते लागलं. एवढं शिकवून पोरगं पुन्हा तेजाबापाशीच गेलं. यंदा जत्रेला तो आला तेव्हा तात्यांनी त्याला पारावरून ओढून घरी आणला, आणि दुपारचा चहा संध्याकाळपर्यंत चालला.

त्यानं सांगितलं ते असं. बॅटरी आधी पूर्ण उतरवून घ्यायची, नाहीतर पेटते. मग बंद यंत्रात तुकडे करायचे. प्लॅस्टिक, तांब्याची आणि ॲल्युमिनियमची पत्री वेगळी काढली की काळा चुरा उरतो. निकेल, कोबाल्ट, मँगनीज, लिथियम आणि ढीगभर ग्रॅफाइट, सगळं त्या चुऱ्यात. तो गंधकाम्लात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून उतरवायचा. मग एकेक धातू क्रमानं. आधी लोखंड, ॲल्युमिनियम, उरलंसुरलं तांबं खाली बसवायचं. मग रॉकेलसारख्या तेलात मिसळलेल्या एका रसायनानं कोबाल्ट उचलायचा, निकेल मागे ठेवायचं. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले: कोबाल्टचं पाणी गुलाबी, निकेलचं हिरवंगार. तात्यांनी मोबाइल हातात घेऊन ते दोन बोटांनी मोठे करून पाहिले. त्यांच्या आयुष्यात फक्त निळं पाणी होतं.

मग टंचाचा प्रश्न आलाच. चुरा विकत घेताना त्यात काय किती, हे कोण ठरवतं? पुतण्या म्हणाला, आम्ही नमुना काढतो, विकणारा नमुना काढतो, पटलं नाही तर तिसऱ्या प्रयोगशाळेत. नमुना पोत्याच्या कुठून काढता, यावर दोघांचं अर्धा तास चाललं. तात्यांच्या मते वरून काढलेला नमुना हा नमुनाच नव्हे. पुतण्याच्या मतेही नव्हे. त्यांच्याकडे त्यासाठी पोत्यात खोल खुपसायची पोकळ सळई आहे.

खरी अडचण त्यानं नंतर सांगितली. चुऱ्याला भाव असतो तो निकेल आणि कोबाल्टमुळे. पण बाजार झपाट्यानं लोह-फॉस्फेटच्या बॅटरीकडे चालला आहे. ती रसायनं १९९७ मध्ये गुडइनफ यांच्या, म्हणजे नोबेलवाल्या त्या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या, टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून आली आणि चीननं ती स्वस्त करून दाखवली. तिच्यात निकेलही नाही, कोबाल्टही नाही. काँगोच्या भोकांच्या दृष्टीनं ही चांगलीच बातमी. बस, बऱ्याच ई-रिक्षा, काही स्कूटर तिच्यावर चालतात. पण तिच्या चुऱ्यात निघणार काय? लोखंड, फॉस्फेट आणि चिमूटभर लिथियम. तीन युनिटांच्या स्कूटरच्या बॅटरीत लिथियम मोजून पाव किलोच्या आसपास. ते काढायचा खर्च कधी निघतो, कधी निघत नाही. आपल्या गावातच बघा. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी भंगारवाला किलोवर घेतो, भाव सगळ्यांना पाठ. लिथियमची पुढे केली की मान हलवतो. एक तर ती टेम्पोत पेटेल ही भीती, आणि दुसरं, पुढे घेणारा कोण हे त्याला ठाऊक नाही. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी विकणाऱ्या कंपनीवर टाकली आहे. नियम चांगला आहे. आमच्या गावात मात्र अजून भंगारवालाच येतो.

“आणि काढलेला माल घेतं कोण?” तात्यांनी विचारलं.

यावर पुतण्या जरा चाचरला. निकेल-कोबाल्टचे क्षार बॅटरीचा सेल करणाऱ्याला लागतात. देशात सेल व्हावेत म्हणून मे २०२१ मध्ये सरकारनं १८,१०० कोटींची योजना काढली, ५० गिगावॉट-तासांचं लक्ष्य ठेवलं. त्यातलं प्रत्यक्षात फार थोडं उभं राहिलंय. सेल अजून मुख्यतः चीनमधून येतात, इथे त्यांची जुळणी होऊन वर आपलं नाव लागतं. म्हणून शुद्ध केलेला मालही बराचसा बाहेरच पाठवावा लागतो.

“म्हंजी गलाई घातली, पण सराफ कट्टाच न्हाई गावात.”

पुतण्या हसला. पण मनात त्याच्या दुसरंच होतं, ते चहाच्या तिसऱ्या कपाला बाहेर आलं. त्याला इथेच, विट्याच्या बाजूला, छोटा कारखाना घालायचाय. माणसं आहेत, तेजाब हाताळायची पिढ्यांची सवय आहे, बाहेरगावी वैतागलेली पोरं परत यायला तयार आहेत. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि लगेच पोटात गोळाही आला. टेंभू उपसा योजनेचं पाणी या भागात यायला किती वर्षं गेली हे मी पाहिलंय. ते आल्यावर डाळिंबं, द्राक्षं कशी उभी राहिली तेही. त्या पाण्याच्या शेजारी आपण तेजाब मांडणार.

तात्यांनी मात्र बरं-वाईट काहीच म्हटलं नाही. ते एकेक बारकावा विचारत गेले. लिथियम सगळ्यात शेवटी का काढता? इतक्या धुण्यांत, इतक्या गाळण्यांत ते थोडं थोडं जात असणार. जे सहज उतरतं ते आधी उतरवून घ्यावं. पुतण्यानं चमकून वर पाहिलं. म्हणाला, काही जण आता तसंच करायला लागलेत, आधी भाजून पाण्यात लिथियम उतरवतात, मग बाकीचं. गाळायला काय वापरता? फिल्टर प्रेस. कापड कुठलं? किती दिवस टिकतं? धुतलेलं कापड जाळून राख तपासता का? (गलाईत झाडूसुद्धा जाळतात. त्याच्या राखेतही सोनं असतं.)

“आन शेवटचं पाणी?”

“ते आटवतो. सोडियम सल्फेट निघतं, पांढरं मीठ.”

“किती?”

“धातूपेक्षा जास्त वजनाचं. डिटर्जंटवाले घेतात, काचवाले घेतात. भाव काहीच नाही, कधी कधी ट्रकभाडं आपणच द्यायचं.”

“आन न्हाई घेतलं तर?”

“तर साठवायचं. झाकून. पावसात भिजू न देता.”

“कुटं?”

पुतण्यानं कागद मागितला. मी दिनदर्शिकेचं मागचं पान फाडून दिलं. त्यानं त्यावर चौकोन काढले: इथे शेड, इथे टाक्या, इथे आटवण्याचं यंत्र, इथे मिठाची गोदामं. तात्यांनी त्याच्या हातातून पेन घेतलं, गोदामाचा चौकोन खोडला आणि ओढ्यापासून लांब, चढाच्या बाजूला, दुप्पट मोठा काढला.